पंचनाम्यातला कारणाचा रकाना

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. त्याच पट्ट्यातल्या एका गावात माझ्या काकांची दीड एकराची वाडी आहे. सहाशेच्या आसपास पोफळी, मधूनमधून माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली आणि विहिरीच्या कडेला आजोबांनी लावलेली जायफळं. भर दुपारीही तिथे ऊन जमिनीला शिवत नसे. त्या संध्याकाळी वारा पडला, काका मागच्या पडवीत आले आणि त्यांना समोर समुद्र दिसला. उभ्या आयुष्यात त्या पडवीतून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मध्ये कायम वाडी असायची.

टाळेबंदीमुळे मला गावी पोचायला पंधरवडा लागला. तोवर पंचनाम्याची वेळ आली होती. तलाठीभाऊ मनाने चांगले, त्यांच्याही घराचे पत्रे उडालेले, तरी दिवसभर आडव्या खोडांवरून वाट काढत मोजणी करत होते. काकांनी पडलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चुन्याचं बोट लावून ठेवलं होतं, एकच झाड चुकून दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून. मोजणी संपली, कागद भरला, काकांनी सही केली. कारणाच्या जागी लिहिलं होतं: नैसर्गिक आपत्ती.

ते दोन शब्द मला तेव्हापासून टोचत आहेत. तलाठ्यांनी दुसरं काय लिहायचं, हे मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

मराठीत संकटांच्या दोन जाती फार पूर्वीपासून मानल्या आहेत, आस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येते ती आस्मानी, राज्यकर्त्यांकडून येते ती सुलतानी. या जोडीत एक न बोललेला कायदा दडलेला आहे. सुलतानीविरुद्ध गाऱ्हाणं घालता येतं, दाद मागता येते. आस्मानीपुढे मात्र हात जोडायचे आणि सरकार जे देईल ते मदत म्हणून पदरात घ्यायचं. पाऊस, वादळ, दुष्काळ, ऊन हे सगळं आपण आजवर डोळे झाकून पहिल्या खात्यात मांडत आलो. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलाबाबतच्या देशांच्या जबाबदारीबद्दल जे सांगितलं, त्यानंतर ही खतावणी बदलायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

तिथवर हा प्रश्न पोचवला तो वानुआतूने. प्रशांत महासागरातला सुमारे ऐंशी बेटांचा हा देश, लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी, तीन लाखांच्या आसपास. १९८० पर्यंत तिथे ब्रिटन आणि फ्रान्स यांचं संयुक्त राज्य होतं. मार्च २०१५ मध्ये पॅम नावाच्या वादळाने या देशाचं जे नुकसान केलं, ते त्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के भरलं. एका रात्रीत देशाची दोन तृतीयांश कमाई गेली. ज्या देशाच्या कारखान्यांचा धूर जगाच्या हिशेबात दिसतसुद्धा नाही, त्याची ही गत.

२०१९ मध्ये पोर्ट व्हिला इथे दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या आवारात कायदा शिकणाऱ्या २७ मुलामुलींनी ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न जगातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यायचा. त्याआधी २०११-१२ च्या सुमारास पलाऊ या दुसऱ्या बेटराष्ट्राने हाच प्रयत्न केला होता आणि तो तडीस गेला नव्हता. या विद्यार्थ्यांनी संघटना उभारली, प्रशांत महासागरातल्या सरकारांना पत्रं लिहिली. पुढे संघटनेचं नेतृत्व सॉलोमन बेटांच्या सिंथिया हौनिउही हिने केलं. वानुआतूच्या सरकारने त्यांचं म्हणणं उचललं. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव मतदानाविना, सर्वसंमतीने मंजूर केला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ज्यूडी आणि केव्हिन अशी दोन वादळं दोन दिवसांच्या अंतराने वानुआतूवर आदळली होती. न्यायालयाला विचारलेले प्रश्न दोनच होते. हवामान राखण्यासाठी देशांची कायदेशीर कर्तव्यं कोणती? आणि ती मोडून दुसऱ्याचं मोठं नुकसान केलं तर कायद्याने पुढे काय होतं?

डिसेंबर २०२४ मध्ये दोन आठवडे सुनावणी चालली. ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. या न्यायालयाच्या इतिहासात एवढी मोठी सुनावणी झालेली नाही.

बड्या उत्सर्जक देशांचा मुख्य बचाव असा होता की हवामानासाठी संयुक्त राष्ट्रांचा १९९२ चा चौकट करार, मग क्योटो आणि पॅरिस असे खास करार आहेत, तेवढेच लागू करा, बाकीचा आंतरराष्ट्रीय कायदा इथे आणू नका. एरवी ज्यांचं फारसं जमत नाही असे देशही या मुद्द्यावर एका बाजूला होते. न्यायालयाने हा बचाव एकमताने नाकारला. आपल्या हद्दीतल्या कामांनी दुसऱ्याच्या पर्यावरणाचं मोठं नुकसान होऊ न देणं हा रूढ नियम आहे, तो करारांच्या आधीपासून आहे आणि करारांच्या बाहेरही आहे. हा नियम काही हवेतून आलेला नाही. कॅनडातल्या ट्रेल गावच्या धातूच्या भट्टीचा धूर सीमेपलीकडे जाऊन अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली पिकं आणि झाडं मारत होता. त्या वादात लवादाने १९४१ मध्ये हेच तत्त्व सांगितलं. तेव्हा दाद मागणारा देश अमेरिका होता आणि कॅनडाने पैसे मोजले होते. मदत म्हणून नाही, भरपाई म्हणून. आज पॅरिस करारातून अंग काढून घेणाऱ्या अमेरिकेलाही हा नियम सुटत नाही. करारातून बाहेर पडता येतं, शेजारधर्मातून पडता येत नाही.

न्यायालय आणखी पुढे गेलं. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखणं हे आता देशांनी स्वतःच मान्य केलेलं मुख्य लक्ष्य आहे, त्यामुळे प्रत्येक देशाने आपली उद्दिष्टं मनाला येतील तशी ठरवून चालणार नाही, ती काटेकोर कसोटीला उतरली पाहिजेत. कोळसा, तेल आणि वायू काढणं, जाळणं, त्यांच्या शोधाचे परवाने देणं, त्यांना अनुदान देणं या बाबतीत योग्य ती पावलं न उचलणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याने गैरकृत्य ठरू शकतं. खासगी कंपन्यांचा धूर हा सरकारचा प्रश्न नाही असं म्हणता येणार नाही, कारण त्यांना आवर घालणं हे सरकारचं काम आहे. शिवाय हे कर्तव्य साऱ्या जगाप्रती आहे, त्यामुळे ज्याचं घर बुडालं त्यानेच बोलावं असं नाही, कोणताही देश दुसऱ्याला जाब विचारू शकतो. कर्तव्य मोडल्याचं सिद्ध झालं तर गैरकृत्य थांबवणं, पुन्हा न करण्याची हमी देणं आणि झालेलं नुकसान भरून देणं, हे सगळं ओघाने येतं.

न्यायाधीशांपैकी एकानेही निकालाविरुद्ध मत दिलं नाही. त्यांच्यात आपले दलवीर भंडारी होते, २००४-०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. एवढ्या वेगवेगळ्या देशांतून आणि न्यायपरंपरांतून आलेली माणसं अशा प्रश्नावर एका सुरात बोलतात, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आता मदत आणि भरपाई या दोन शब्दांपाशी थोडं थांबतो, कारण सगळा झगडा तिथेच आहे.

१९९१ मध्ये, हवामानाच्या पहिल्या कराराची बोलणी चालू असताना, वानुआतूने छोट्या बेटराष्ट्रांच्या वतीने एक साधी योजना मांडली होती. समुद्र चढल्याने आमचं जे बुडेल त्यासाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारा आणि त्यात श्रीमंत देशांनी पैसे भरावेत. ती करारात आली नाही. फिजी, किरिबाटी, नाऊरू अशा देशांनी मग १९९२ च्या करारात सामील होतानाच लिहून ठेवलं की या सहीने आम्ही नुकसानीबद्दल दाद मागण्याचा हक्क सोडलेला नाही. किती दूरचं पाहिलं होतं त्यांनी! २०१५ मध्ये पॅरिसला 'हानी आणि नुकसान' हे शब्द करारात आले खरे, पण त्यासोबतच्या निर्णयाच्या ५१व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं गेलं की या कलमाच्या आधारे कोणावर दायित्व येणार नाही आणि भरपाईही मागता येणार नाही. २०२२ मध्ये शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत आणि पुढच्या वर्षी दुबईत हानी-नुकसानीचा निधी उभा राहिला, पण त्यात पैसे घालायचे की नाही आणि किती, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सुरुवातीची आश्वासनं सगळी मिळून ७० कोटी डॉलरच्या आसपास होती. जगभरच्या नुकसानीपुढे हा आकडा काहीच नाही. देणाऱ्याच्या इच्छेवर चालणाऱ्या खात्याला मदत म्हणतात. घेणाऱ्याच्या हक्कावर चालतं ती भरपाई.

आपल्या घरातही हेच दोन शब्द असेच गुंतलेले आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये आहेत. तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत आणि नुकसान किमान ३३ टक्के असेल तर. राज्य सरकार वरून कधी भर घालतं, ती त्या त्या वेळची गोष्ट. पोफळींच्या दाट बागेत हेक्टरी तेराशेच्या आसपास झाडं बसतात. या निकषाने झाडामागे सतरा रुपये होतात. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात, मग ती पुढची तीस-चाळीस वर्षं घर चालवते. सतरा रुपयांत तिचं रोपसुद्धा येत नाही. हा निकष ठरवणाऱ्यांना शेती कळत नाही असं मी म्हणत नाही. हा पैसा भरपाई म्हणून कधी कल्पिलाच नव्हता, तो संकटात टिकून राहण्यासाठीचा हात आहे. गावात मात्र सगळे त्याला नुकसानभरपाईच म्हणतात. लोकांची भाषा इथे कायद्याच्या पुढे आहे.

यात मानवी हक्कांचा संबंध काय, असं कोणी विचारेल. मला वाटतं तो संबंधच या निकालाचा कणा आहे. दोन देशांच्या भांडणात माणूस दिसत नाही, उत्सर्जनाचे टन आणि डॉलर दिसतात. हक्काची भाषा आली की प्रश्न विचारणारा बदलतो. जगण्याचा, आरोग्याचा, पाण्याचा, घराचा हक्क हवामान कोसळल्यावर शिल्लक राहतो का? हेगच्या न्यायालयाने सांगितलं की स्वच्छ, निरोगी आणि टिकाऊ पर्यावरणाचा हक्क बाकीच्या हक्कांच्या मुळाशीच आहे. २०२२ मध्ये आमसभेने हा हक्क १६१ मतांनी मान्य केला होता. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये मानवी हक्क परिषदेत हाच विषय आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवा-पाणी येतं हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून टाकलेलं आहे. जगाला शिकवावं अशी गोष्ट आपल्या पदरी असताना आपण गप्प बसलो.

२०२४ च्या वसंतात एकोणीस दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ मार्चला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४व्या आणि २१व्या कलमांतून येतो. प्रकरण होतं माळढोकाचं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एके काळी सहज दिसणारा हा पक्षी आता राजस्थान-गुजरातेत थोडाफार उरला आहे आणि विजेच्या तारांना धडकून मरतो. तारा जमिनीखालून न्याव्यात हा जुना आदेश न्यायालयाने सौरऊर्जेच्या गरजेपोटी सैल केला आणि तसं करतानाच हा नवा हक्क उच्चारला. पक्ष्याच्या वाट्याला त्यातून काय आलं हा वेगळा, दुखरा विषय आहे. पण हक्क लिहिला गेला. ९ एप्रिलला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडच्या दोन हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या संघटनेच्या बाजूने कौल दिला. उन्हाच्या लाटांत म्हाताऱ्या बायका जास्त दगावतात आणि सरकार पुरेसं करत नाही, ही त्यांची तक्रार होती. स्वित्झर्लंडसारख्या थंड, श्रीमंत देशातल्या आज्यांना ही दाद मिळू शकते, तर मे महिन्यात परभणीच्या रानात राबणाऱ्या, किंवा चंद्रपूरच्या ४५ अंशांत विटा वाहणाऱ्या बाईचा दावा त्याहून कितीतरी बळकट आहे.

इथे आपल्या सरकारच्या भूमिकेबद्दल बोलायला हवं. ५ डिसेंबर २०२४ रोजी हेगमध्ये भारताने आपली बाजू मांडली. तिचा पहिला भाग मला शंभर टक्के पटतो. वातावरणात साठलेल्या कार्बनमध्ये एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास एक चतुर्थांश आहे, भारताचा चार टक्क्यांहून कमी. आपल्याकडे माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत त्याच्या सहा-सातपट. ज्यांनी आग लावली त्यांनी विझवायला आधी पुढे यावं, हे न्यायाचंच म्हणणं आहे. १९७२ मध्ये स्टॉकहोमला इंदिरा गांधी गरिबांच्या बाजूने उभ्या राहिल्या, तेव्हापासून भारत हे सांगत आला आहे.

दुसरा भाग मात्र मला पटत नाही. आहेत त्या हवामान करारांच्या पलीकडे नवी कर्तव्यं न्यायालयाने निर्माण करू नयेत, असं भारताने सांगितलं. म्हणजे ज्यांच्याकडून आपल्याला येणं आहे, त्यांच्याच बचावाला आपण हातभार लावला. यामागची भीती मला कळते. वार्षिक उत्सर्जनात आज भारत जगात तिसरा आहे. उद्या हाच कायदा आपल्याविरुद्ध वापरला गेला तर? ही भीती खोटी नाही. पण न्यायालयाने तिचं उत्तर दिलेलं आहे. सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी हे तत्त्व त्याने मान्य केलं. कर्तव्याची कसोटी देशाची ऐपत, विकासाची पातळी आणि इतिहास पाहून लावायची, असं सांगितलं. म्हणजे अमेरिकेला लागणारा गज आणि भारताला लागणारा गज एकच असणार नाही. भारताची मागणीच निकालात उतरली आहे, आणि भारताने ती आपली म्हणून उचलावी एवढंच बाकी आहे. आपण या खटल्यात दावेदारही आहोत आणि काही अंशी प्रतिवादीही. प्रामाणिक माणूस दोन्ही मान्य करतो, आणि आपलं येणं आपल्या देण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे हे हिशेबाची वही उघडून दाखवतो.

या निकालावर दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला असा की हे तर नुसतं सल्ला-मत, कोणावर बंधन नाही. खरं आहे. पण ज्या कायद्याबद्दल हे मत आहे, तो कायदा बंधनकारकच आहे. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरचा ताबा ब्रिटनने सोडावा, असं याच न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच सल्ला-मतात सांगितलं होतं. ब्रिटनने तेव्हा ते झटकून टाकलं. मे २०२५ मध्ये त्याच ब्रिटनने बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. असली मतं हळूहळू मुरतात. उलट, बंधनकारक निकालही लगेच पाळले जातात असं नाही. स्ट्रासबर्गचा निकाल बंधनकारक होता, तरी दोन महिन्यांत स्वित्झर्लंडच्या संसदेने आम्ही पुरेसं केलं आहे असं म्हणून त्याला पाठ दाखवली.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. काकांच्या पोफळी पाडल्या वाऱ्याने. त्या वाऱ्याच्या मागे नेमका कोणाचा धूर, हे कसं ठरवणार? एकट्या निसर्ग वादळाबद्दल मीही काही छातीठोक सांगणार नाही. पण कल स्पष्ट आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचा पृष्ठभाग तापला की वादळाला खाद्य मिळतं, आणि अरबी समुद्र तापतो आहे. पेरूतल्या हुआराझचे शेतकरी साऊल लुसियानो लियुया यांनी जर्मनीतल्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला होता, तो याच हिशेबाने. जगाच्या आजवरच्या उत्सर्जनात या कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, तेव्हा माझ्या गावावरच्या हिमतळ्यापासून बचाव करायच्या खर्चातला ०.४७ टक्के तिने द्यावा, सुमारे १७,००० युरो. मे २०२५ मध्ये हामच्या न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्यांच्या घराला असलेला धोका पुरेसा जवळचा ठरला नाही. पण मोठा उत्सर्जक हजारो मैलांवरच्या नुकसानीला तत्त्वतः जबाबदार धरता येतो, हे त्या न्यायालयाने मान्य केलं. हिश्शाने जबाबदारी ठरवणं आपल्याला काही अवघड जाऊ नये. सातबाऱ्यावर आणे-पैचे हिस्से लिहिणारे आणि पीक बुडालं की पैसेवारी काढणारे आपण. ०.४७ टक्के हीसुद्धा पैसेवारीच आहे. हेगच्या न्यायालयाने हे काम सोपं आहे असं म्हटलेलं नाही, प्रत्येक प्रकरणात कारण आणि नुकसान यांचा धागा पुराव्याने जोडावा लागेल असंच म्हटलं आहे. पण अशक्य म्हणून दार लावलं नाही.

आणि पुरावा म्हटला की गोष्ट पुन्हा आपल्या अंगणात येते. भारतात आजही हवामान बदलावर स्वतंत्र कायदा नाही. चंद्रचूड यांच्या पीठानेही ही उणीव नोंदवली होती. उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या मुलीने २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाकडे सरकारला ठोस आराखडा करायला सांगा अशी विनंती केली, ती २०१९ मध्ये निकालात काढली गेली. हेगने प्रकल्पाआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य असल्याचं सांगितलं. त्याच्या दोन महिने आधी, १६ मे २०२५ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर तेच म्हटलं होतं: आधी बांधायचं आणि मागाहून परवानगी घ्यायची, हे चालणार नाही. १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेण्यात आला. परदेशात हक्काची भाषा बोलायची तर घरचा पाया इतका भुसभुशीत ठेवून चालत नाही.

मला राज्य सरकारकडून एक अगदी साधी गोष्ट हवी आहे, तिला मोठा पैसा लागत नाही. निसर्ग, २०२१ चं तौक्ते, त्याच वर्षी २२ जुलैला महाडजवळच्या तळिये गावावर कोसळलेला डोंगर, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात सीनेकाठी झालेला प्रलय, या सगळ्यांचे पंचनामे कुठल्या ना कुठल्या गठ्ठ्यात बांधलेले आहेत. अनुदान वाटून झालं की त्यांचं काम संपलं, असं मानलं जातं. ते जपून ठेवा, संगणकावर आणा, त्या त्या दिवसाच्या पावसाच्या, वाऱ्याच्या, समुद्राच्या तापमानाच्या नोंदींशी जोडा आणि लोकांना खुले करा. उद्या भारत सरकार, किंवा एखादी ग्रामपंचायत, किंवा कोळ्यांची सहकारी संस्था कुठल्याही न्यायालयात उभी राहिली, तर हातात हेच कागद लागतील. वानुआतूच्या वकिलांनी आपल्या गावागावांतून अशीच माणसांची सांगणी गोळा करून हेगला नेली होती.

काकांनी २०२१ च्या पावसाळ्यात पुन्हा रोपं लावली. सुपारीची श्रीवर्धनी रोठा हीच जात, दुसरं काही त्यांना चालत नाही. सावली गेलेली, म्हणून पहिली दोन वर्षं कोवळ्या पोफळींना उन्हाचा चटका बसू नये म्हणून पश्चिमेकडून झापांचे आडोसे करावे लागले. यंदा पुढच्या रांगेतल्या काही झाडांना पहिली पोय आली. पडवीतून समुद्र अजून दिसतो.

पंचनाम्याच्या वेळी सरकारी कागदाबरोबर त्यांनी स्वतःसाठीही एका शाळेच्या वहीत मोजणी उतरवून ठेवली होती. ती वही मी मागच्या खेपेला मागून घेतली. पहिल्या पानावर तारीख आहे, ३ जून २०२०, आणि खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात: पोफळी ४३७, माड २९, जायफळं ३, मिरवेली मोजल्या नाहीत.